झुडपाची परवानगी

औषधांना दाद न देणारे जंतू नयनाच्या प्रयोगशाळेत आठव्यांदा मजेत वाढले. पाल्याच्या रसाने त्यांचं काहीच बिघडलं नाही. ती तणतणत पाला सुचवणाऱ्या बुधीमावशीच्या वाडीवर गेली.

"बुधीमावशी, तुमचा औषधी पाला कुचकामी आहे!"

"झुडपापुढं वाकून, त्याला इचारून तोडलास का, बाय?"

नयनाने हसून वहीत लिहिलं: अंधश्रद्धा.

पण त्याच जंतूंमुळे वॉर्डातल्या बाळंतिणींचे टाके चिघळत होते. शेवटी चोरून इकडेतिकडे बघत नयनाने वाकून, विचारून पाला तोडला.

या वेळी रसाभोवतीचे जंतू साफ मेले.

"मावशी, झुडपाने ऐकलं!"

"झुडूप कसलं ऐकतंय? गुण कोवळ्या पानांत, अन् या झुडपाला ती बुडाशी फुटतात. तू उभ्यानं जून पानं ओरबाडायचीस."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगितलं की! वहीत बघ, काय म्हणून लिवलंस."