तीस उघडी दारं

लाँचमधून उतरताना तपासनीस साहेबांचा बूट शेवाळावरून घसरला आणि आत्याने त्यांना दंडाला धरून सावरलं. सत्तरी उलटलेल्या बाईची ती पकड पाहून साहेब चकित झाले. तिच्या काखेत फडक्याने झाकलेली टोपली होती आणि ती जड दिसत होती. साहेबांनी ती घ्यायला हात पुढे केला, तर आत्याने नुसती काख बदलली.

बेटावर निदान तीस घरांत माणसं राहत असतील तरच लाँच चालू ठेवायची, असा नवा नियम निघाला होता. साहेब घरं मोजायला आले होते. कचेरीत सगळे धरून चालले होते की लाँच बंद होणार, मोजणी आपली नावाला.

आत्याला कोणी नेमलं नव्हतं, पण बेट दाखवायचं काम तिचंच. अख्खं बेट तिला आत्या म्हणायचं. तिथल्या दगडांना तोंड असतं, तर त्यांनीही आत्याच म्हटलं असतं.

पहिल्या चढावर तिने साहेबांना मागे वळून बघायला लावलं. पाणी इतकं नितळ होतं, की तळातले गोटे दिसत होते. उतारावर शेळ्या चरत होत्या. वर एकूण एक छपरातून धूर निघत होता.

"हे रोज दिसल्यावर माणसाला आणखी काय हवं, सांगा," ती म्हणाली.

 वीस वर्षं साहेबांना कचेरीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत आली होती.

पहिल्याच अंगणात दोरवाला पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून पीळ भरत होता. हात सराईत होता, पण तळव्यावर ताजे फोड दिसत होते. साहेबांनी विचारलं, तेव्हा काम म्हटलं की फोड आलेच, असं म्हणून त्याने मूठ मिटली. पुढच्या घरी होडीवाला फळ्यांच्या फटी बुजवत होता. हे काम बापाने कसं शिकवलं ते सांगताना तो फळीवरून हात फिरवत राहिला. साहेबांना चहाला आत नेताना त्याचं डोकं चौकटीवर आपटलं.

"पन्नाशी आली, तरी याला स्वतःच्या दाराची उंची कळली नाही," आत्या म्हणाली. सगळे हसले. तोही कपाळ चोळत हसला.

त्याच्या बायकोने साखरेसाठी तीन डबे उघडून पाहिले. आमच्याकडे डब्यांना पाय आहेत, असं म्हणून तिने वेळ मारून नेली. चहा मात्र फक्कड झाला होता.

साहेब मोजत चालले होते. विसाव्या घरापाशी ते थबकले. वाटेतल्या एकाही दाराला कुलूप नव्हतं.

"आत्या, इथे कोणी कुलूप लावत नाही?"

"माणूस घरात असताना कुलूप कशाला लावायचं, साहेब?"

साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

तिसावं घर आत्याचं. तिच्या ओट्यावर बसून त्यांनी अहवाल लिहिला, की वस्ती पुरेशी आहे, लाँच कायम ठेवावी. खाली, रकाना नसताना, स्वतःच्या मनाची एक ओळ घातली आणि वाचून दाखवली, "इतकं नांदतं गाव मी आजवर पाहिलं नाही." आत्याने डोळ्यांना पदर लावला. बाईला आनंद झाला, असं साहेबांना वाटलं आणि त्यांनाही भरून आलं.

"निवृत्त झालो की इथेच राहायला येईन म्हणतो," ते लाँचमध्ये चढताना म्हणाले. "घर मिळेल ना?"

"या की. घराची काळजी करू नका," आत्या म्हणाली.

सगळं गाव धक्क्यावर उभं राहून हात हलवत होतं. लाँच टेकाडाआड गेली तसे हात खाली आले. होडीवाल्याने खडकामागे लपवलेल्या होड्या पुढे आणल्या. एकेक जण आत्याच्या पाया पडून, पिशवी सांभाळत होडीत बसला. दोरवाल्याला शहरातल्या कारखान्यात सकाळची पाळी होती. होड्या दूर गेल्यावर आत्या एकटीच चढ चढून आली. पहिल्या घरातली चूल तिने पाणी मारून विझवली, दार ओढून घेतलं आणि टोपलीवरचं फडकं बाजूला करून एकोणतीस कुलपांतलं पहिलं बाहेर काढलं.