वर येताना

नवशिक्या पाणबुड्यांनी चाळीस फुटांखाली जायचं नाही आणि वर येताना सावकाश यायचं, हे धरणाच्या काठावर मी दहाव्यांदा सांगितलं होतं. घाईनं वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात, माणूस लुळा पडतो, मरतोसुद्धा. बचाव पथकातले बाकीचे सगळे शिकले. महागावकडच्या तांड्यावरची रंजिता मात्र मी वर जाण्याची खूण करताच तिसऱ्या दिवशीही बाणासारखी वर सुटली.

ओरडून ओरडून मी थकलो होतो. "अगं, पाण्यात कोण मागं लागतं तुझ्या?"

तिनं मास्क काढला. "कपाशी बुडाली त्या साली बापासंग विहिरी खोदाच्या कामावर होती मी, सर. सुरुंगाची वात पेटवली का दोर धरून वर पळा लागे. अंगाले तेच माहीत हाये."

"इथे सुरुंग नाही," मी वैतागून म्हणालो. "इथे सावकाश येणाराच वाचतो."

ती दगडावर बसून पायातले पोहण्याचे रबरी फिन काढत राहिली.



"माहा बाप सावकाशच चढत होता, सर. लय थकला होता."