हिंगणमोहाड.भारत

"आमच्या गावाचं नाव तुह्याजवळ हाये म्हनते," खुशालराव दुकानात शिरता शिरता म्हणाले आणि न विचारताच खुर्ची ओढून बसले.

बडनेरा स्टेशनसमोरच्या त्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात सकाळपासून पोरापोरींची रांग होती. पण हिंगणमोहाडचे सरपंच दारात दिसले आणि देवमनला बाकी कुणी दिसेना. बाळापूरकडून दोन गाड्या बदलून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारी आला होता. देवमनच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र त्याने कोराच ठेवला.

"हाये ना," तो म्हणाला. "हिंगणमोहाड, मंग टिंब, मंग भारत. इंटरनेटवरचा मराठी पत्ता. सहा वर्सं झाले घेऊन."

अशी चाळीस नावं त्याने घेऊन ठेवली होती. वऱ्हाडातली गावं, बाजार, यात्रा, सगळी मराठीत. आज ना उद्या लोक आपल्या भाषेत पत्ते टाकतील, तेव्हा विकू, हा त्याचा बेत. दरवर्षी त्यांचं नूतनीकरण करायची वेळ आली की त्याची बायको शालू कपाळाला हात लावायची. पण हे एक नाव, त्याच्या स्वतःच्या गावाचं, त्याने विकायला घेतलंच नव्हतं, आणि ते त्याने शालूलाही कधी सांगितलं नव्हतं.

खुशालरावांनी रुमालाने मान पुसली. गावाच्या नव्या कमानीवर हा पत्ता रंगवून झाला होता, एकेक अक्षर हातभर उंच. आपल्या खेड्याचं मराठी नाव दुसरं कोण कशाला घेईल, असं धरूनच त्यांनी पेंटरला वर चढवलं होतं. साइट करायला माणूस बसवला तेव्हा कळलं, की नाव आधीच गेलं आहे.

"रविवारी उद्घाटन हाये. कलेक्टर साहेब त्याच कमानीखाली मोबाइलवर गाव उघडून पाहनार. तालुक्यातले सारे सरपंच बलावले मी. माही इज्जत तुह्या हातात हाये, बाप्पा. काय घेतं, सांग."

"पैसे नाही लागत."

"मंग?"

"अर्ज लागते."

खुशालराव मोठ्याने हसले. देवमन हसला नाही. त्याने एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवला. "माह्या बापाच्या नावानं लिहा."

"चंद्रभान्या? अरे, थो त मेला ना दोन वर्सांपयले."

"तुमच्या दफ्तरात थो जित्ता असतानाबी नोता. लिहा."

बौद्धपुऱ्यात नळ यावा म्हणून चंद्रभानने अठरा वर्षं अर्ज केले होते. सरपंचकी कधी खुशालरावांकडे, कधी त्यांच्या बायकोकडे, पण घराबाहेर कधी गेली नाही. कधी विषय लिहिला नाही म्हणून, कधी सही वाकडी आली म्हणून अर्ज परत यायचा, आणि म्हातारा मुकाट्याने नवा कागद आणायला निघायचा. त्या मुकाटपणाचा देवमनला सरपंचांपेक्षाही जास्त राग यायचा.

खुशालरावांनी चार ओळी खरडल्या. देवमनने कागद वाचला आणि परत दिला.

"माह्या बापाले नुसतं चंद्रभान म्हनायचं नाही. चंद्रभानजी तायडे लिहा."

दुसरा कागद झाला. "याच्यात विषय नाही लिहिला."

तिसरा झाला. रांगेतल्या पोरी आता एकमेकींकडे पाहत होत्या. खुशालरावांचे कान लाल झाले होते. "आता काय राहिलं?"

"शिक्का."

ग्रामपंचायतीचा शिक्का त्यांच्या पिशवीतच होता. तो घरी ठेवून ते कुठे जातच नसत. त्यांनी तो कागदावर असा दाबला की टेबल हललं.

"घे. दे आता नाव."

"अर्ज भेटला. विचारात घेतल्या जाईन."

"देवमन, रविवारी कलेक्टर येऊन राहिले ना बे! काहून जीव घेतं माहा?" सरपंचांनी भर दुकानात हात जोडले. "पाया पडतो तुह्या."

हे पाहायला बाप असायला हवा होता, असं देवमनला वाटलं. मग वाटलं, नव्हता तेच बरं. त्याने तर खुशालरावांचे हात खाली घेतले असते.

"रविवारी पत्ता उघडन," तो म्हणाला. "कमानीवर लिहिला तसाच उघडन. थे माही जबाबदारी. जा तुमी."

खुशालराव उठले. जाताना त्यांनी देवमनला "येतो, देवमनजी" म्हटलं.

खुशालरावांची गाडी अजून अकोल्याच्या रस्त्यालाही लागली नसेल, तोवर देवमनने तो अर्ज स्कॅन केला आणि पत्त्यावर चढवून टाकला. दुसरं काही नाही. ना गावाचा फोटो, ना लोकसंख्या.

डबा घेऊन आलेल्या शालूने आपल्या मोबाइलवर गावाचं नाव टाकलं. पडदाभर एकच कागद उघडला. वर 'माननीय चंद्रभानजी तायडे यांना सविनय विनंती', खाली खुशालरावांची सही आणि गोल शिक्का. तिने तो दोनदा वाचला.

"कलेक्टरसमोर हे उघडन?"

"कलेक्टरसमोर, साऱ्या सरपंचांसमोर."

शालूने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाबाले हे नसतं आवडलं."

"नसतंच आवडलं," देवमन डबा उघडत म्हणाला. "म्हनूनच त अठरा वर्सं नळ नाही आला."