डावीकडची जागा

सुनेचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेलेला, म्हणून सिंधुबाई दुपारी हार गुंफायला मुद्दाम तिच्या डावीकडं बसायची. वांझोटी, भिकारड्याची लेक, तोंडाला येईल ती गरळ त्या मेल्या कानात ओकायची आणि वर चहा मागायची. आज नाशिकच्या दवाखान्यात मॅडमनी कानाच्या मशीनची जोडी काढली. "डावा कान गेलाय. ही जोडी डावीकडचं बोलणं उजव्या कानात पोचवते." सिंधुबाईनं घाईघाईनं विचारलं, "म्हणजे आता हिला सगळं ऐकू येईल?" "शांत खोलीत आत्ताही येतं की, उजव्या कानानं. मशीन हवं ते गोंगाटात." सिंधुबाईला घर आठवलं. दुपारी दोघीच असायच्या, आवाज फक्त तिच्या जिभेचा. तिची मान वर होईना. सून मशीन कानाला लावत म्हणाली, "आई, घेऊ हे. फुलबाजारात डावीकडचं गिऱ्हाईक सुटतं. घरातलं तर सगळं ऐकतेच मी."