प्रोव्होस्टच्या दारचे दिवे

"आणखी थोडा डावीकडे घ्या," ग्रिझेल टॉश खिडकीतून म्हणाली. "दारात उभं राहिलं की दोन्ही सारखे दिसले पाहिजेत."

नगरपालिकेच्या दोघा माणसांनी लोखंडी खांब निमूटपणे वीतभर डावीकडे घेतला. वर गॅसचा दिवा, दिव्याच्या काचेवर शहराचं चिन्ह. शहराचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, जिथे राहील त्या घरापुढे हे दोन दिवे उभे करायचे, ही तिथली जुनी रीत. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला अंधारात घर सापडावं, एवढाच तिचा अर्थ. आणि स्कॉटलंडच्या त्या भागात नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो.

नऊ वर्षं हे दिवे गल्लीच्या खालच्या टोकाला बालहारींच्या घरापुढे होते. नगरभवनातल्या फळीवर दोनशे वर्षांतल्या प्रोव्होस्टांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत, पण बालहारींसारखा न्यायी माणूस त्यांत दुसरा नाही, असं सगळं शहर म्हणायचं. शेवटची सहा वर्षं त्यांना कानाशी कर्णा धरूनही काही ऐकू येत नव्हतं, तरी त्यांचा एकही निवाडा चुकला नाही. उन्हाळ्यात ते वारले आणि त्यांच्या जागी आला ग्रिझेलचा नवरा, डेव्ही टॉश. खिळे-कुलपांचा दुकानदार. माणूस सोन्यासारखा, पण दोन बिजागऱ्यांतून एक निवडायची म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा.

ग्रिझेलला त्याची चिंता नव्हती. तिला दाराच्या घंटेची होती. नऊ वर्षं तिनं वरच्या खिडकीतून बालहारींच्या दाराशी लोटणारं शहर पाहिलं होतं. पाद्री, कोळणी, डॉक्टरची बायको, सगळे तिकडे. तिच्या दाराची घंटा वाजवायचा फक्त दूधवाला. मूलबाळ नाही, नवरा दिवसभर दुकानात. तिला मान हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त माणसं हवी होती, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवे लागले त्या संध्याकाळी तिनं घंटा घासूनपुसून लख्ख केली, चांगल्या कपबशा काढल्या, दोन डझन स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, भाजले आणि दाराकडे कान लावून बसली.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. स्कोन दगडासारखे झाले. डेव्हीला एखादा खा म्हटलं तर तो म्हणायचा, सभेत काहीतरी खाऊन आलोय. रोज पाचला तो सभेला म्हणून बाहेर पडायचा, सातला परतायचा, आणि त्याच्या जाकिटावर केकचा तपकिरी चुरा असायचा. ग्रिझेल तो झटकायची आणि नगरपालिकेच्या चैनीबद्दल दोन शब्द बोलायची.

डेव्ही मात्र तिकडे गाजत होता. कपडे वाळवायच्या हिरवळीवरून दोन इमारतींमधल्या बायका चार वर्षं भांडत होत्या. डेव्हीनं वार वाटून दिले, शनिवार म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवला, आणि भांडण मिटलं. वर्तमानपत्रानं लिहिलं की बालहारींची आठवण झाली. ग्रिझेलनं कात्रण आरशाला लावलं. नवऱ्याला इतकी अक्कल आहे हे वीस वर्षांच्या संसारात आपल्याला कसं कळलं नाही, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

सहाव्या दिवशी साडेपाचला घंटा वाजली. ग्रिझेल जवळजवळ धावतच गेली. दारात ओला एप्रन बांधलेली एक धोबीण उभी होती. हातात कागदाचा चिटोरा.

"बाईसाहेब, जरा तुमच्या दिव्याखाली उभी राहू का? बालहारीबाईंनी दिलेली एवढी चिठ्ठी वाचायचीय. खाली त्यांच्या दारापुढं हल्ली मिट्ट काळोख असतो बघा."

"प्रोव्होस्ट इथं राहतात," ग्रिझेल म्हणाली.

"माहितीय की," धोबीण समजूत घातल्यासारखं म्हणाली. "दिवे छान बसवलेत."

ग्रिझेलच्या डोक्यात तिडीक गेली. शाल ओढून ती तरातरा उतार उतरली. बालहारीबाईंना काय काय सुनवायचं ते वाटेत जुळवलं. नवरा गेला, पद गेलं, दिवे गेले, तरी म्हातारीची हौस फिटत नाही. आपल्या नवऱ्याची माणसं पळवतेय ती. आज काय तो सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात चूल धगधगत होती, टेबलावर आल्याच्या केकचं ताट. ताटामागे नाकावर चष्मा आणि हातात पेन्सिल घेऊन बालहारीबाई एका कोळसेवाल्याचं म्हणणं ऐकत होत्या. भिंतीला लागून लांब बाक होता आणि त्यावर गर्दी.

"दार लोटून घे गं," बालहारीबाई मान वर न करता म्हणाल्या. "वारा येतो."

ग्रिझेलनं दार लोटलं. जुळवलेलं सगळं भाषण तिथंच गळून पडलं, कारण तेवढ्यात तिला बाकाचं टोक दिसलं.

तिथं डेव्ही बसला होता. गुडघ्यावर टोपी, टोपीत प्रश्नांची यादी, हातात अर्धा खाल्लेला केक. कोटाच्या खिशातून प्रोव्होस्टपदाची सोन्याची साखळी लोंबत होती. बायकोला पाहून त्याचे कान लालबुंद झाले. मग तो शेजारच्या कोळणीकडे थोडा सरकला आणि त्यानं टोकाला वीतभर जागा केली.

"बस," तो कुजबुजला. "माझ्यापुढं अजून दोघं आहेत."