तान्हा पट्टा

गाडीचं बॉनेट उघडताच बशीर मिस्त्रीला खोबरेलाचा वास आला.

"इंदूकाकू, फॅनबेल्टला तेल चोळलंत?"

"जिवंत रबराचं तान्हं ते. नवीन बसवल्यापासून किरकिरत होतं. ओव्याचा शेकही दिला."

"अहो, तेलानं पट्टा घसरतो, मग इंजिन तापतं. हा आता बाद. कारखान्यात नेऊन वितळवतील."

काकूंचा चेहरा उतरला. मिस्त्रीनं पट्टा काढला, फडक्यानं स्वच्छ पुसला आणि निरोपापुरता त्यांच्या हाती दिला. पट्ट्यानं त्यांच्या बोटाला विळखा घातला. मिस्त्रीनं हळूच ओढलं, मग पाय रोवून ओढलं, तर काय, सुटेचना.

"पकड शाबूत आहे," तो पुटपुटला. "बसवतो परत. बोट तुम्हीच सोडवा, माझं ऐकत नाही. आणि किरकिरला तर नुसतं थोपटायचं."