पेंडीचं पाणी

"अहो हेमांगीताई, वरून परत काळं पाणी टपकतंय!" खालच्या गॅलरीतून पेडणेकरबाई ओरडल्या.

मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मोहरीची पेंड भिजवून केलेलं पाणी होतं ते, वास येणारच. यंदा लक्ष्मीपूजनाला शेवंती माझ्याच कुंड्यांमधली असेल, असं मी भिशीच्या बायकांना ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे पेंडीवर शेणखत, शेणखतावर कांद्याच्या सालांचं पाणी, असे झाडांचे लाड चालले होते. पेडणेकरबाईंनी आठवडाभर कटकट केली आणि मग एकदम गप्प झाल्या. माझ्यापुढे कोणाचं चालतं?

खाऊन खाऊन झाडं अशी माजली की गॅलरीत उभं राहायला जागा उरेना. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. कळी मात्र औषधालाही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पिशवी पदराखाली लपवून मी बाजारात निघाले, तर जिन्यातच पेडणेकरबाई भेटल्या. हातात परडी, पिवळ्याधमक शेवंतीने शिगोशीग भरलेली.

"तुमच्याकडेच येत होते. ही फुलं तुमच्या पूजेला," त्या म्हणाल्या. "तुमचं ते काळं पाणी ठिबकतं ना, त्याच्याखाली माझ्या कुंड्या सरकवल्या. तेव्हापासून नुसता बहर!"

मी परडी घेतली आणि वर वळले.

"आणि हो," खालून आवाज आला, "पुढच्या वर्षी पेंड जरा लवकर भिजत घाला हं. मला दसऱ्यालाही फुलं लागतात."